मागच्या सीटवरून

आधी बसा. किल्ली नंतर.
किल्ली माझ्या पर्समध्ये आहे,
अजून दोन दिवस तिथेच राहणार आहे.

सहकारनगरचं मैदान, सकाळचे सव्वासहा.
शकुंतला गोगावले, वय बावन्न,
पायात सुनेचे बूट,
सीटच्या पार टोकाशी बसतात,
पाहुण्यांच्या सोफ्यावर बसावं तशा,
जेमतेम, चहा नको म्हणून उठायच्या तयारीत.

मागे सरका. अजून.
ती सगळी सीट तुमची आहे.
पुढे बसलात की अंगाचा भार हातांवर येतो,
आणि भार आलेले हात काहीतरी घट्ट धरतात,
आणि इथे घट्ट धरायला जे मिळतं
त्याला ॲक्सिलरेटर म्हणतात.
(मागच्या मे महिन्यात एक बाई अशाच
थेट रसवंतीच्या बाकापर्यंत गेल्या.
मग आम्ही दोघींनी रस घेतला.)

लाटणं धरता ना, तेवढंच धरा हँडल.
हे लाटण्याचं उदाहरण मला मुळीच आवडत नाही,
पण कळतं पटकन.
कोपर सैल. गुडघे जवळ. नजर चाकावर नको,
खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यात जाल.

मग मी मागे बसते.
चौसष्ट किलो, दोन्हीकडे पाय,
चपला जमिनीपासून चार बोटं वर.
आठ वर्षं झाली, मी हे शहर बघते आहे
कुणाकुणाच्या खांद्यावरून:
हेल्मेटखाली दबलेला अंबाडा, बामाचा वास,
ब्लाउजची उसवलेली शिवण,
वळण यायच्या आधीच ताठ होणारी मान.
गाडी डावीकडे कलली की मी उजवीकडे होते,
केसभरच. पुढचीला कळत नाही.
त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

दहाव्या दिवशी शकुंतलाबाईंनी
तळजाईचा चढ चढवला, उतरवला,
म्हशीला वाट दिली,
आणि मागे न बघता म्हणाल्या, आलं की हो मला!
मी म्हटलं, थांबा. आणि उतरले.

तेवढ्याच पिळण्यात गाडी भसकन पुढे गेली.
मागची बाजू पिसासारखी, हँडल वेड्यासारखं.
दहा फुटांवर त्या आडव्या झाल्या,
सावकाश, मांडी घालून बसावं तशा.
कोपराला खरचटलं. बूट सुनेचे, म्हणून आधी बूट पुसले.
गाडी बिघडलीय, म्हणाल्या.

गाडी ठीक होती.
चूक माझी होती, आणि ती मला आठ वर्षांत पहिल्यांदा
अशी धुळीत बसलेली दिसली:
दहा दिवस त्या दोघींचा तोल शिकत होत्या,
माझं वजन आपलंच समजून.

दुसऱ्या दिवशी मी इंद्रायणी तांदळाचं पोतं आणलं, दहा किलोचं,
सुतळीनं मागच्या सीटवर बांधलं.
त्याला त्या मॅडम म्हणायला लागल्या.
मॅडम, वळतेय हं.
मग पाच किलो.
मग एक दिवस मी पोतं आणायला विसरले.
त्यांनी विचारलं नाही.
मीही बोलले नाही. कट्ट्यावर बसून राहिले,
पाय टेकलेले, आणि पायांचं काय करायचं ते सुचेना.

परवा दांडेकर पुलाच्या सिग्नलला दिसल्या.
सीटवर पूर्ण मागे, खांदे सैल.
मागे एक गृहस्थ, अवघडलेले,
भाजीच्या दोन्ही पिशव्या डाव्याच हातात.
सिग्नल सुटला. गाडी डावीकडे झुकली,
तशी मी उजवीकडे झुकले,
शेजारच्या रांगेत, दुसऱ्याच गाडीवर.

पुढून माझी नवी विद्यार्थिनी ओरडली,
मॅडम, हलू नका ना!