डावा पट्टा

जुलैत थंडर बेच्या अरीनात बर्फ नसतो.
उरते काँक्रीटची राखाडी फरशी,
आणि झांबोनीच्या फाटकापाशी
खरवडूनही न गेलेला निळ्या रेषेचा रंग.
मी तळघरात असतो.
स्केट्सना धार लावून घ्यायला कोणी नाही,
म्हणून पॅड मोजतो, हातमोजे उन्हात टाकतो.
मागच्या मोसमाचा घाम अजून सुटत नाही त्यांना.

वर लॉर्ना पेट्रिशिनच्या खोलीत
पाटीवर तेवीस नावं, चुंबकाच्या पट्ट्यांवर.
नावाशेजारी पगार, खाली बेरीज,
आणि बेरजेच्या डोक्यावर लीगची टोपी.
कॅप म्हणतात तिला.
माप सगळ्या संघांना एकच,
डोकी मात्र ज्याची त्याची.
दोन बचावपटू विकले.
तिसऱ्या फळीचा सेंटर फोनवर रडला,
त्याच्या बायकोला सातवा महिना.
एवढं करून, हातचे धरून,
उरले चार लाख दहा हजार डॉलर.
एवढ्यात गोली येत नाही.
गोलीचा एक पाय येतो फार तर.

आमच्याकडे दोन आहेत.
एमेरिक गॅन्यों, रिमूस्कीचा, बावीस वर्षांचा,
पक तोंडावर येताना डोळे न मिटणारा.
त्याच्या एजंटला बत्तीस लाख हवेत, चार वर्षं.
आणि वेइक्को लाहतेला, अडतीस पूर्ण.
त्याचा करार अजून दोन वर्षं चालेल.
खुबा चालेलच असं नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, मान्य.
पण गोलीचं कामच मुळी पाय पसरायचं:
गुडघे आत, पावलं बाहेर,
या खांबापासून त्या खांबापर्यंत
स्वतःलाच अंथरायचं.
वेइक्को अकरा हिवाळे असा अंथरला गेला.

फेब्रुवारीत म्हणाला, डावा पट्टा एक भोक सैल कर.
मार्चात, अजून एक.
तिसरं भोक कारखान्याने पाडलेलंच नव्हतं.
ते मी पाडलं, टोच्याने, सगळे घरी गेल्यावर.
त्यावर आम्ही बोललो नाही.
दुसऱ्या दिवशी माझ्या बाकावर एक पर्शियन होता,
गुलाबी साखर कागदाला चिकटलेली.

एक तारखेला, बाराला वीस कमी असताना
लॉर्ना जिना उतरून आली. ती इथे कधी येत नाही.
म्हणाली, वेंडेल, नव्या पॅडची ऑर्डर आज गेली पाहिजे,
दहा आठवडे लागतात. कोणाच्या मापाची पाठवू?
मग माझ्याकडे न बघता:
खुबा खरंच गेलाय का त्याचा?
गेला असेल, तर तो जखमींच्या यादीत,
पगार घरबसल्या, आकडा टोपीबाहेर,
आणि एमेरिकला जागा.
नसेल गेला, तर एमेरिक
संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कोणाचा तरी.

मी बोललो नाही.
डावा पॅड उलटा करून तिच्या हातात दिला.
तिने पट्ट्यावरून बोट फिरवलं.
एक. दोन.
तिसऱ्यापाशी थांबली. ओबडधोबड कड,
आतलं कातडं अजून पांढरं.
इतक्या लहान भोकातून
बत्तीस लाख दिसतात,
मला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी वेइक्कोचा फोन. सरोवरावरून.
मागे कोणीतरी लाकडं फोडत होतं.
मी आधी काय बोलावं ते जुळवत होतो,
तर तोच म्हणाला, सौना तापवलीय, ये.
जरा थांबून: जुने पॅड टाकून देऊ नकोस. घेऊन ये.

मागे जागा नव्हती, काठ्यांचा गठ्ठा होता,
म्हणून शेजारच्या सीटवर ठेवले, उभे, दोन्ही.
गाडी टुणटुणायला लागली,
पट्टा लावा, पट्टा लावा.
वजन तर होतंच त्यांचं.
लावला.
ओढून घट्ट केला.