दम

यंत्राला स्वतःचा आवाज आहे, कुणा बाईचा, भरून ठेवलेला:
श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा.
हॅमिश डगलला तो चालत नाही.
"तूच सांग. ती बया मला ओळखत नाही."
मग काचेमागून मी सांगते, इंग्रजीत,
आणि मनात दर वेळी उमटतं ते आपलं:
दम धरा.

किती धरलाय त्यानं.
शहाऐंशी साली, तेविसाव्या वर्षी,
याच लीथमध्ये, एका जिन्याखाली
सहा जणांत एक सुई फिरली.
डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं. फार तर तीन.
त्यानं अंगावरचा कोट विकला.
पुढचे हिवाळे कुणाला लागणार होते?
पाचही जणांना पोचवून आला, कोटाशिवाय.
मग गोळ्या आल्या. आधी ओंजळभर, मग तीन,
आता एक, सकाळच्या चहाबरोबर.
रक्तात विषाणू सापडत नाही हे तो
मुलगा पहिला आल्यासारखं सांगतो.

सिगारेट राहिली.
मरायला टेकलेल्याला सोड म्हणून कोण सांगणार?
आणि तो मेला नाही, तेव्हा
सांगायचं सगळ्यांच्या राहूनच गेलं.

पडद्यावर उजव्या फुप्फुसाच्या माथ्याशी
मार्चमध्ये ज्वारीचा दाणा होता.
आज चिंचोका आहे,
आणि कडेनं काटे फुटलेत.
मला बोलायची मुभा नाही. रिपोर्ट डॉक्टर देतील.
कोरा चेहरा हाही गणवेशाचाच भाग.

तो बाहेर येतो, माझ्याकडे बघतो,
जे विचारायचं ते विचारत नाही.
"काचेमागं तुझे ओठ हलतात. काय पुटपुटतेस?"
दम, मी म्हणते.
"डम?"
म्हणजे श्वास. म्हणजे धीरसुद्धा.
आणि जिना चढून लागतो, तोही.
कुणाला धमकावून देतात, तोही.
"कंजूष भाषा आहे तुझी," म्हणतो, हसतो,
हसण्याचा खोकला होतो, आणि तो
भिंतीला धरून बराच वेळ चालतो.

मी त्याला कोटाची बाही धरून देते.
नवा आहे. जाड, निळा, गुडघ्यापर्यंत.
काखेत दुकानाची चिठ्ठी अजून लटकते.
"सेलमध्ये मिळाला. दहा वर्षं टिकेल म्हणाला पोरगा."

कॉरिडॉरच्या मध्यावर तो खुर्चीत टेकतो.
पुढच्या पेशंटचा कागद माझ्या हातात.
मी नाव पुकारत नाही
अजून.