हसायचं काम

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्याला लागून
आग्नेलचं सोड्याचं दुकान. पुढे एक बाक,
एक पाय आखूड, त्याच्याखाली उपडी करवंटी.
जागा ठरलेल्या होत्या आमच्या.

इम्तियाज मधे, कारण बोलणार तो.
त्याच्या उजवीला शेखर तांडेल, ज्याच्यावर बोलायचं तो.
टोकाला हेमांगी. वर्गणी तिच्याकडे, वेळ तिच्याकडे,
कुणी कुणाशी अबोला धरलाय याची नोंदसुद्धा तिच्याकडे.
आग्नेल काउंटरमागे, सगळ्यांची उधारी पोटात घालून.
आणि डाव्या टोकाला मी.
माझं काम हसायचं.

कुणी नेमलं नव्हतं.
नववीत एकदा हसताना गोटी सोडा नाकातून आला,
तेव्हापासून इम्तियाज प्रत्येक वाक्यानंतर
माझ्याकडे बघायचा,
मासे तोलणारीनं काट्याकडे बघावं तसा.

वाक्य बहुतेक एकच असायचं.
तांडेलाचा मुलगा, आणि होडीत पाय ठेवला की ओकतो!
‘शेखऱ्या, दर्या लांबसून बघ, नायतर ओकतलंस.’
मी हसायचे. शेखरही हसायचा,
माझ्याहून जरा उशिरा.

मग इम्तियाज बहारीनला गेला. अकरा वर्षं.
शेखरनं जेट्टीपाशी टेबल टाकलं, वर छत्री,
डॉल्फिन दाखवणाऱ्या तीन होड्या,
तिन्हींत अजूनही तो कधी बसलेला नाही.
जमिनीवर उभा राहून पावत्या फाडतो
आणि लांबसूनच दर्या बघतो. दर्यानं त्याचं भलं केलं.

इम्तियाज परत आला तेव्हा कंपनी बुडालेली,
दाढी पिकलेली.
गणपतीनंतर शेखरच्या टेबलावर
पावतीपुस्तक त्याच्या हातात दिसलं.

त्या संध्याकाळी तो सवयीनं मधे बसला,
उजवीकडे वळला, तोंड उघडलं,
आणि गिळलं जे काय होतं ते.
बर्फ फोडायच्या मशीनचा आवाज मोठा झाला.
मग शेखर म्हणाला,
‘कुवेत काय नि बहारीन काय, शेवटी पावती आमचीच!’
विनोद नव्हता तो. पण सगळे माझ्याकडे वळले,
इम्तियाजसुद्धा.

मी हसले.
इतकं सोपं होतं की लाज नंतर आली,
घरी, तांदूळ निवडताना.

दुसऱ्या दिवशी इम्तियाज टोकाला बसला.
हेमांगीला सरकावं लागलं, शेखर मधे आला,
त्याला तिथे पाय कुठे ठेवावेत कळेना.
मधल्या माणसानं बोलायचं असतं.
तो डिझेलच्या भावाबद्दल बोलला.

शांतता फार लांबली की
हेमांगी चुळबुळते. तिनं विचारलं,
‘तुझा काय चल्ला गो?’
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.
मी मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आहे का.

म्हटलं, मी घर सोडलंय. दीड महिना झाला.
कॅम्पात खोली घेतलीय. गॅस मिळाला नाही अजून,
इस्त्री उलटी धरून तिच्यावर चहा करते.

आणि ते हसले.
आधी इम्तियाज, मग शेखर,
हेमांगी पदर तोंडाला लावून. त्यांचाही दोष नाही.
माझ्या बाजूनं आवाज आला की
तो हसण्याचाच असायचा.

आग्नेल हसला नाही.
काउंटरची फळी उचलून बाहेर आला,
आम्ही त्याचे पाय बहुधा प्रथमच बघत होतो,
एका पायात मोजा, आणि माझ्याशेजारी बसला.
बाक करकरला. करवंटी फुटली.
पाचही जणं एका बाजूला कलंडलो,
कुणीतरी कुणाचातरी दंड धरला.

थोड्या वेळानं इम्तियाज उठून
कौलाचा तुकडा घेऊन आला, पायाखाली सारताना
खाली मान घालूनच काहीतरी बोलला.
चांगलं होतं. जुन्यासारखं होतं.
सगळे थांबले.

मीही थांबले.
सोड्याची गोटी बाटलीत आपटत होती.
मला अजून ठरवायचं होतं.