वजा कुत्रा

सबलगडच्या छोट्या गाडीतून तुपाचे डबे उतरले
सत्तावीस, आणि एक पिल्लू.
डब्यांची बिल्टी होती.
पिल्लाला पाठवणारा नाही, सोडवून नेणारा नाही,
म्हणून त्याचंच नाव पडलं बिल्टी.

आमचे आजोबा, मुळ्ये मालबाबू, घोसीपुरा ठेसन, ग्वाल्हेर.
नियमाबाहेर शिंकतही नसत.
बेवारस मालाच्या वहीत त्यांनी लिहिलं:
नग एक. रंग मातकट. आवाज करतो.
तीन महिने वाट पाहिली, मग रीतसर लिलाव पुकारला.

बोली एक रुपयावर थांबली.
रुपया कोणा एकाकडे नव्हता.
सोळा जणांनी आणा आणा टाकला,
आणि खुदाबक्ष सांधेवाल्याने कान मागून घेतले:
'हमें तो अब कम सुनाई देता है, बाबूजी.'
(हे साहेबाच्या कानावर कधी गेलं नाही.)
नाल्याच्या पुलावर गाडी आली
की बिल्टी त्याचा पायजमा ओढी.
बाकीचे हिस्से कोणाकोणाचे,
यावर पुढे पुष्कळ भांडणं झाली.

झोपायची जागा मात्र ठरलेली:
माल तोलायचा काटा.
जेठातल्या उन्हात तेवढंच लोखंड गार.
त्याला उठवणार कोण?
आजोबा त्याच्यासकट पोतं तोलत
आणि समासात बारीक अक्षरात लिहीत:
वजा कुत्रा, साडेतीन शेर.

ती वही माझ्याकडे आहे.
वजा नऊ. वजा तेरा.
रतिराम चहावाल्याच्या मुलीचं लग्न झालं
त्या आठवड्यात एकदम पंधरा.
मग पानंच्या पानं चौदा, चौदा, चौदा,
इतकी की मी वाचायची थांबले होते.
पुढे उघडली तर तेरा.
साडेबारा.
पौषात अकरा.
अक्षर कुठे हललेलं नाही.
आठ.

मंगळवारी समास कोरा.
गाडी पुलावर आली, शिट्टी देत राहिली,
खुदाबक्ष बाकावरच बसून.

बुधवारी किरोडीमलचं जिऱ्याचं पोतं:
वजा कुत्रा, आठ शेर.

त्यावर तपासनिसाची लाल शाई:
काट्यावर कुत्रा आढळला नाही.
आठ शेरांचं भाडं बुडालं. खुलासा करावा.

खुलासा कुठेच नाही.
एक रुपया दंडाची पावती तेवढी टाचलेली,
टाचणी गंजून कागदात उतरलेली,
आणि पावतीच्या पाठीवर
पंधरा नावं, एक अंगठा.