ओळ एकशे बेचाळीस

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात लॅबमधला कूलर
पाण्याशिवायच फिरतो, तापली हवा
या भिंतीवरून त्या भिंतीवर टाकत.
अठ्ठावीस नंबरच्या मशीनचा एफ अडकतो,
जोरात दाबला की तीनदा उमटतो.
बाहेर हिंगणा रोडचं डांबर चपलेला चिकटून वर्गात येतंय.

सबमिशनला चार दिवस.
जर्नलचे दहा प्रयोग, सहांवर सह्या,
चार माझ्या अक्षरात आणि निखतच्या अकलेनं,
शिवाय प्रोजेक्ट: शेड्यूलर.
कोणाला आत घ्यायचं, कोणाला थांबवायचं,
किती वाट पाहिली की एखाद्याचा नंबर वर सरकवायचा,
हे ठरवणारा.
दोघांचा होता तो.

प्रज्वल उईके फेब्रुवारीत गेला.
भांडण नाही, निरोप नाही.
सोमवारी खुर्ची रिकामी दिसली,
शुक्रवारी कोणीतरी म्हणालं, बुटीबोरीला लागला,
रात्रपाळीत, काहीतरी पॅक करून राहिला.
फीच्या दुसऱ्या हप्त्याचं कोणी नीट विचारलं नाही.
मीही नाही.
माझी त्या आठवड्यात युनिट टेस्ट होती.

त्याचा कोड मात्र इथंच आहे.
ओळ एकशे बेचाळीसच्या डोक्यावर लिहून ठेवलंय त्यानं:
'इथं हात नको लावू बे.
कसं चालून राहिलं, मलाबी नाही माहीत.'
(मुलींनाही बे म्हणायचा तो.)
खाली एक रिकामा लूप,
दहा हजारपर्यंत मोजतो
आणि काहीच करत नाही.

रात्री काढून पाहिला.
अख्खा शेड्यूलर आडवा.
परत ठेवला, चालला.
नऊ हजार केलं, आडवा.
दोनच्या सुमारास त्रिमूर्ती नगरची लाइट गेली.
पंखा थांबत थांबत थांबला तोवर
मी ते वाक्य अंधारात ऐकत होते,
त्याच्याच सुरात.

सकाळी डोंगरे मॅडम:
'डिटेन झालेल्याचं नाव कव्हरवर चालत नाही.
बाइंडिंग झालं? मग व्हाइटनर लाव.'
झेरॉक्सवाल्याकडे बाटली मागितली.
काउंटरवर त्याची तर्री पोह्याची प्लेट,
लाल तेलाचा एक थेंब माझ्या इंडेक्सवर.
प्रज्वल लगेच गेला.
उईके जात नव्हता,
ईच्या शेंडीला दोनदा लावावं लागलं.

एक्स्टर्नल अमरावतीचे, रुमालानं मान पुसत.
मी सेमाफोर पाठ केलेला, डेडलॉकच्या चार अटी पाठ,
वाट पाहत ताटकळलेल्या प्रोसेसची
व्याख्यासुद्धा पाठ, उदाहरणासकट.
त्यांनी विचारलं, 'हा लूप कशाला?'
'माहीत नाही सर. काढला की पडतं.'
ते वरची कमेंट वाचू लागले, मोठ्यानं,
रोमन अक्षरांतली मराठी, अडखळत,
'बे'पाशी थांबून चष्म्यावरून बघत.
'तुम्ही लिहिलं?'
नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.
'नाही सर. पार्टनर होता.'
'होता म्हणजे?'
'म्हणजे आहे. बुटीबोरीला.'
त्यांनी फाइल मिटली, कव्हरवरच्या पांढऱ्या डागावरून
अंगठा फिरवला, जसा आपण ओला रंग तपासतो.
सही केली. पंचवीसपैकी एकोणीस.

संध्याकाळी फोन लावला.
मागे पट्ट्याची घरघर, कोणीतरी ओरडत होतं.
'चाललं का बे?'
'चाललं.'
'हात तर नाही ना लावला?'
'लावला.'
हसला. पुढं काही म्हणणार होता बहुतेक,
पण भोंगा झाला. 'ठेवतो.'

बसस्टॉपवर उभी राहिले, नखात पांढरं घेऊन.
बस येत नव्हती.
एक, दोन, तीन करत
काहीच न करता मोजत होते,
चारशेच्या पुढं गेले असेन.