रकाना सहा

सोळा लिहिलं तर पोलीस येतात.
एकोणीस लिहिलं तर कुणीच येत नाही.

शिंपलवाडीच्या उपकेंद्रात पेन धरून बसलेय.
समोर बाकावर दीक्षिता तांडेल,
अडतीस किलो, रक्त साडेसात,
ओढणीला वाळवणातल्या बांगड्यांचा वास.
सासू दारातूनच,
"एकोणीस लिव गो बाय, तुजा काय जाता?"

माझं काय जातं?
मी आले त्या वर्षी या वहीत एक्केचाळीस जन्म.
यंदा दिवाळी उलटली तरी आठ.
देवगडच्या मीटिंगमध्ये साहेबांनी भिंतीवर रेघ दाखवली,
रापणीच्या सैल दोरासारखी खाली खाली गेलेली.
टाळ्या वाजवा म्हणाले.
वाजवल्या.

रेघ खोटी नाही.
शिकलेल्या मुली तिशीला टेकल्यावर एक मूल,
तेही पुण्यात, दुसऱ्याच कुठल्या वहीत.
पण जेटीमागच्या गल्लीत
दीक्षिताच्या आजीला पंधराव्या वर्षी पहिलं, मग आणखी सहा.
आईला सतराव्या वर्षी, मग एक, मग कॅम्पात टाके.
हिला सोळाव्या.
बाविसाव्या वर्षी हीसुद्धा टाके घालून घरी येईल
आणि माझ्या तक्त्यात शोभून दिसेल.
शेवट अलीकडे सरकला.
सुरुवात होती तिथंच.

काल तरीवर भोगले गुरुजी भेटले.
"पहिलीला दोनच पोरं, शाळा बंद करतायत.
तुमच्या वहीत काही आहे का हो?"
हसत विचारलं. मीही हसले.
सांगितलं नाही की आहे एक,
सहा वर्षांनी येईल दप्तर घेऊन.
त्याची आई तुमच्याकडेच सातवीत पहिली आली होती,
हायस्कुलाने तिचं नाव परवाच लाल शाईने कापलं.
एक वजा, एक अधिक.
पट तेवढाच.

"पोटात दुखतं का गं?"
मान हलवते. मग सासूला ऐकू जाणार नाही असं,
"म्यॅडम, धावीचो फॉर्म भरूची तारीख
गेली काय?"

बाहेर बर्फाची गाडी थांबली, सासू सावलीत सरकली.
पेनाच्या टोकाला शाई सुकलेली.
झटकलं. फरशीवर दोन थेंब.
आधी एक लिहिला,
तो दोन्ही वयांत असतो.
कितीतरी वेळ तेवढाच होता रकान्यात.

सासू आत आली तेव्हा
मी सहाचं पोट काढत होते.