उशीर, पंचेचाळीस सेकंद

बेलापूर, सेक्टर अकरा. खाली झेरॉक्सचं दुकान,
वर आम्ही एकवीस समुपदेशक, गळ्यात नावाच्या पट्ट्या.
माझ्या पट्टीवर कुंदाची नंदा झाली होती.
दोन दिवस नंदाच राहिले,
दुरुस्त करून मागावं असं काही वाटलं नाही.

एसी बंद, म्हणून खिडक्या उघड्या,
आणि नेमकी ओहोटी.
खाडीचा तो चिखलट वास थेट फळ्यापर्यंत आला.
हेरंब टिपणीसने उठून खिडकी लावली,
घामाने निथळला, पुन्हा उघडली.
अष्टपुत्रे बाई काही बोलल्या नाहीत.
दुसरं कुणी असतं तर एवढ्यावर
स्वीकाराचं अख्खं सत्र काढलं असतं.

सकाळी भीतीची शिडी.
नफीसाकडे येणारे एक काका लिफ्टमध्ये शिरत नाहीत.
पहिली पायरी, लिफ्टसमोर उभं राहायचं.
दुसरी, जाळीला हात.
प्रत्येक पायरीला विचारायचं, भीती शंभरपैकी किती?
आणि ती कमी व्हायची वाट न पाहता आत जायचं.
मी वहीत उतरवून घेतलं, पट्टीने रेघा मारून.

एकोणीस वर्षं मी लोकांच्या विचारांशी
वकिलासारखी भांडत आले.
पुरावा काय? उलट पुरावा काय?
बहुतेकदा जिंकायचेही.
आणि अशिलं घरी जाऊन रात्री
तोच खटला पहिल्यापासून चालवायची.

जेवणानंतर जोड्या. माझ्यासमोर सायमन डिमेलो, उत्तनचा.
आपल्याला टोचणारा शब्द घ्या, बाई म्हणाल्या,
मोठ्याने, भरभर, पंचेचाळीस सेकंद.
सायमनने घेतला 'बुळा'. वडिलांचा शब्द, म्हणाला.
बुळाबुळाबुळाबुळा
तिसाव्या सेकंदाला तो
हौदात बुडणाऱ्या तांब्यासारखा वाजायला लागला
आणि आम्ही दोघंही हसलो, डोळे पुसत.

माझी पाळी. मी 'आळशी' म्हणणार होते,
सोपा, अर्धा खोटा.
तोंडून आलं: उशीर.
उशीर उशीर उशीरउशीर
शीरउ शीरउ
मध्येच उशी निघाली, अभ्रा नसलेली.
मग शीर, मनगटावरची, निळी.
मग नुसतंच रउ, रउ, कुठलं तरी पाखरू.
सायमनने घड्याळ दाखवलं.
शब्द गोळी काढलेल्या पाकिटासारखा हातात राहिला.

आणि त्याच्यामागे विभा तशीच उभी.
ऐरोलीची. दर बुधवारी सहाला,
छत्री न विसरता दाराबाहेर ठेवणारी.
अकरा बुधवार आली. बाराव्याला नाही.
उद्या फोन करू, म्हटलं.
उद्याचा आठवडा झाला, आठवड्याचे सात महिने.

चहाच्या वेळी बाईंना गाठलं.
त्यांनी बिस्किट अर्धं मोडलं, विचारलं,
तुम्हाला हलकं वाटावं म्हणून करायचाय,
की ती कशी आहे ते कळावं म्हणून?
दोन्ही, मी म्हटलं. खरं तेच होतं.
मग दोन्ही घेऊन करा, त्या म्हणाल्या,
आणि जे होईल ते पुढच्या पर्यवेक्षणात आणा.
शब्द सैल पडतो हो,
घडलेलं सैल पडत नाही. पडूही नये.

खाली आले. पट्टी काढून पर्समध्ये टाकली.
दुकानात यंत्र कुणाच्या तरी भाडेकराराच्या प्रती
एकामागून एक बाहेर टाकत होतं.
भीती शंभरपैकी ऐंशी.
कदाचित पंच्याऐंशी.
वास होताच.

चार रिंगा. पुरुषाचा आवाज. कोण?
कुंदा.
कोण कुंदा?
हे त्याला सांगायचं नव्हतं.
बुधवारची कुंदा, म्हटलं, तिला कळेल.

ती गच्चीवर कपडे काढायला गेलीय, तो म्हणाला,
थांबता का?

थांबते.